जुन्या ऑडिओ कार्डसाठी कॉम्प्युटर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे जुनं पीसीआय ऑडिओ कार्ड आहे, कुठला कॉम्प्युटर घेऊ?

पीसीआय म्हणजे मदरबोर्डवर कार्ड खोचायचा जुन्या पद्धतीचा स्लॉट. सगळे इथूनच सुरू करतात आणि इथेच चुकतात. आधी कॉम्प्युटर घेतात, मग विंडोज टाकतात आणि शेवटी कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम, शोधायला बसतात. हे उलटं करायचं. आधी कार्डचं नेमकं मॉडेल बघा, कार्डवर छापलेला रिव्हिजन नंबरसुद्धा. मग त्या कार्डचा शेवटचा ड्रायव्हर कुठल्या विंडोजसाठी निघाला ते शोधा आणि ती फाइल हातात येईपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. ड्रायव्हरवरून विंडोज ठरतं, विंडोजवरून मदरबोर्डची पिढी ठरते, आणि प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट हे सगळं त्याच्या मागून येतं.

उदाहरण सांगतो म्हणजे फरक कळेल. आरएमईच्या हॅमरफॉल डीएसपी मालिकेला अगदी विंडोज १० पर्यंत ड्रायव्हर मिळत गेले, त्यामुळे ते कार्ड असेल तर तुम्हाला बऱ्यापैकी नवीन मशीन चालतं. तेच डिजिडिझाइनचं डिजी ००१ घेतलंत तर त्याचा सपोर्ट प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ६.४ ला थांबला, म्हणजे विंडोजवर एक्सपीच, दुसरा रस्ता नाही. दोन्ही पीसीआय कार्डच, दिसायला स्लॉट तोच, पण मशीन मात्र पूर्ण वेगवेगळी लागतात.

एवढा खटाटोप कशाला? नवीन यूएसबी इंटरफेस घेतला तर?

दोन माइक आणि एक गिटार रेकॉर्ड करायची असेल तर खरंच नवीन घ्या, मी स्वतः तेच सांगेन. पण काही कामं अशी आहेत की जुनंच लागतं. कुणाकडे एडॅटच्या (आठ ट्रॅकच्या डिजिटल टेप मशीनच्या) टेप्स पडून आहेत आणि त्यातले आठही ट्रॅक एकाच वेळी डिजिटलमधून काढायचेत, कुणाकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वीची सेशन्स (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइल) आहेत आणि त्यातले इफेक्ट यूएडी-१ किंवा पॉवरकोरसारख्या कार्डवरच्या चिपवर चालायचे, ते कार्ड नसेल तर ते मिक्स पुन्हा तसंच्या तसं उघडत नाही. शिवाय चांगल्या जुन्या कार्डांचे कन्व्हर्टर (आवाज डिजिटलमध्ये आणि परत आवाजात बदलणारे भाग) आजही उत्तम आवाज देतात, ड्रायव्हर संपला म्हणून ते काही खराब होत नाहीत. चालू वस्तू फक्त स्लॉट नाही म्हणून भंगारात जाते हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, आणि हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठीच.

बोर्डवर पीसीआय स्लॉट दिसतोय, म्हणजे झालं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. स्लॉट दोन प्रकारचा असतो. एक खरा, म्हणजे चिपसेटमध्येच (बोर्डवरच्या मुख्य चिपमध्येच) पीसीआय आहे आणि स्लॉट थेट त्याला जोडलेला आहे. दुसऱ्यात चिपसेटला पीसीआय नसतंच, बोर्ड बनवणाऱ्याने मध्ये एक छोटी ब्रिज चिप बसवून पीसीआय एक्स्प्रेस या नंतरच्या पद्धतीवरून पीसीआय तयार केलेलं असतं. बाहेरून दोन्ही पांढरे स्लॉट सारखेच दिसतात.

इंटेलच्या ६ मालिकेपासून, म्हणजे २०११ पासून, घरगुती चिपसेटमधून पीसीआय काढायला सुरुवात झाली. पी६७, एच६७ मध्ये नाही, पण ऑफिसच्या मशीनसाठी असलेल्या बी६५, क्यू६५, क्यू६७ मध्ये ठेवलं. ७ मालिकेतही तसंच, झेड७७ आणि एच७७ मध्ये नाही पण बी७५, क्यू७५, क्यू७७ मध्ये आहे. २०१३ च्या ८ मालिकेपासून सगळीकडूनच गेलं. एएमडीच्या बाजूला एएम३+ सॉकेटचे, एसबी९५० चिपवाले बोर्ड खरं पीसीआय देतात.

म्हणून माझं ठाम मत असं की इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि बी७५ किंवा क्यू७७ चा बोर्ड हा जुन्या कार्डांसाठी सगळ्यात सोयीचा मुक्काम आहे. खरं पीसीआय मिळतं, विंडोज ७ मस्त चालतं आणि गरज पडली तर एक्सपीसुद्धा चालतं कारण त्या पिढीच्या इन-बिल्ट ग्राफिक्सला एक्सपीचे ड्रायव्हर आहेत, चौथ्या पिढीपासून ते बंद झाले. गंमत बघा, गेमिंगचा भारी बोर्ड आपल्या कामाचा नाही आणि ऑफिसमधून निघालेला साधा डबा कामाचा आहे.

ब्रिज चिपवर कार्ड अजिबात चालतच नाही का?

चालतं, पुष्कळांचं चालतंय. पण खात्री नाही. विशेषतः एसमीडियाच्या एएसएम१०८३ या चिपबद्दल इंटरप्टच्या (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं त्या सिग्नलच्या) तक्रारी खूप आल्या होत्या, कार्ड ओळखलं जातं, आवाजही येतो आणि मग मध्येच अडखळतं. चिप कुठली आहे ते बोर्डवर स्लॉटच्या आसपास नीट बघितलं की वाचता येतं. हीच गोष्ट पीसीआय एक्स्प्रेसवरून पीसीआय करणाऱ्या अडॅप्टर कार्डची, आत तशीच ब्रिज चिप असते. साधं स्टिरिओ कार्ड असेल तर करून बघायला हरकत नाही, पण दोन-तीन कार्डं एकमेकांना रिबन केबलने जोडायची असतील तर या वाटेला जाऊ नका.

कार्ड स्लॉटमध्ये बसतच नाहीये, खाच जुळत नाही.

जोर लावू नका! पीसीआयमध्ये ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत आणि चुकीचं कार्ड बसू नये म्हणूनच ती खाच वेगवेगळ्या जागी असते. दोन खाचा असलेलं कार्ड दोन्हीकडे चालतं. साध्या डेस्कटॉपचा स्लॉट ५ व्होल्टचा असतो, सर्व्हर बोर्डवरचे लांब पीसीआय-एक्स स्लॉट बहुतेक ३.३ व्होल्टचे. पॉवर मॅक जी५ च्या पीसीआय-एक्स मॉडेलमध्येही जुनं फक्त ५ व्होल्टवालं कार्ड बसत नाही. पीसीआय-एक्स आणि पीसीआय एक्स्प्रेस यांची नावं सारखी वाटतात पण एकमेकांशी काही संबंध नाही, जाहिरात वाचताना तेवढं बघा.

एक्सपी, ७ की १०?

ड्रायव्हर सांगेल ते. आता कारण सांगतो. ड्रायव्हर हा विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालतो, त्यामुळे ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये कुठल्याच युक्तीने चालत नाही, कम्पॅटिबिलिटी मोड वगैरे फक्त प्रोग्रामसाठी असतो. शिवाय व्हिस्टापासून ६४ बिट विंडोजला सही केलेले ड्रायव्हर लागतात. त्यामुळे कार्डला फक्त ३२ बिट ड्रायव्हर असेल तर एक्सपी किंवा ३२ बिटचं विंडोज ७ टाका. विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं.

३२ बिटमध्ये ४ जीबीच्या वर रॅम वापरता येत नाही, हातात सव्वातीनच्या आसपास येते. पुरते. त्या काळची सेशन्स १ जीबीत चालायची.

एक्सपी टाकताना निळी स्क्रीन येते.

०x०००००७बी असं दिसत असेल तर डिस्कचा घोळ आहे. एक्सपीकडे स्वतःचा एएचसीआय, म्हणजे साटा डिस्क चालवायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड आयडीई, म्हणजे जुनी पद्धत, करा आणि मग इन्स्टॉल करा, इन्स्टॉल झाल्यावर मोड बदलू नका. डिस्क २ टीबीच्या आतली घ्या. एसएसडी असेल तर पार्टिशन एक्सपीच्या सेटपमध्ये करू नका, कारण एक्सपी पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं आणि ते एसएसडीच्या मापाशी जुळत नाही, लिहिण्याचा वेग पडतो. आधी ती डिस्क नव्या विंडोजच्या किंवा लिनक्सच्या मशीनला लावून १ एमबीच्या सीमेपासून पार्टिशन करून घ्या, मग त्यावर एक्सपी टाका.

एवढं जुनं मशीन २४ ट्रॅक झेपवेल का?

आरामात. हिशोबच करू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक सेकंदाला १४४ केबी घेतो. २४ ट्रॅकचे झाले साधारण साडेतीन एमबी. पीसीआय बसची क्षमता सेकंदाला १३३ एमबी आहे, कुठल्याही साध्या हार्डडिस्कला साडेतीन एमबी म्हणजे काहीच नाही. एक तासाला सगळे मिळून साडेबारा जीबीच्या आसपास जागा लागते, तेवढं मात्र धरून चाला आणि रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क ठेवा. प्रोसेसरचा ताण प्लगइन लावल्यावर येतो, नुसतं रेकॉर्ड करायला नाही. कोअर २ ड्युओ सुद्धा पुरतो.

फायरवायर इंटरफेस आहे, कुठलं कार्ड लावू?

फायरवायर म्हणजे यूएसबीसारखी पण वेगळी जुनी जोडणी. त्यासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची (टीआयची) चिप असलेलं कार्ड घ्या. बाकी चिपसुद्धा ऑडिओसाठी चालतात कधी कधी, पण इंटरफेस बनवणाऱ्या बहुतेक सगळ्यांनी टीआयचीच शिफारस केली होती आणि अनुभवही तोच आहे. लॅपटॉपमध्ये बघायचंच झालं तर आतली चिप बदलता येत नाही, म्हणून घेण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव वाचा. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये टीआयच्या एक्सआयओ२२१३ चिपवालं कार्ड मिळालं तर डोळे झाकून घ्या, त्यावर फायरवायर ८०० चं पोर्ट असतं पण ९ पिनवरून ६ पिनची केबल लावून जुना ४०० चा इंटरफेस व्यवस्थित चालतो.

विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने फायरवायरचा नवीन ड्रायव्हर आणला आणि बऱ्याच ऑडिओ इंटरफेसना तो मानवला नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन हाताने लेगसी असं लिहिलेला ड्रायव्हर निवडायचा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. विंडोज ८ पासून तो लेगसी ड्रायव्हर आत येत नाही, वेगळा टाकावा लागतो.

आणि एक कळकळीची विनंती. फायरवायरची ६ पिन केबल मशीन चालू असताना लावू-काढू नका. त्या पोर्टमधून पॉवर जाते, स्पेसिफिकेशनप्रमाणे ३० व्होल्टपर्यंत. पोर्टचा पत्रा सैल झाला असेल तर केबल उलटी सुद्धा आत जाते आणि मग इंटरफेसची फायरवायर चिप जळते, ती दुरुस्त करून देणारं माणूस शोधणं फार अवघड. दोन्ही बंद, मग केबल, मग इंटरफेस, मग कॉम्प्युटर. ४ पिनच्या केबलमध्ये पॉवर नसते, तिथे इंटरफेसला स्वतःचा अडॅप्टर लागतोच.

रेकॉर्डिंगमध्ये टक टक आवाज येतोय, कार्ड गेलं का?

बहुतेक नाही. आधी टक टक कशी येते ते ऐका. ठरलेल्या अंतराने येत असेल, म्हणजे घड्याळासारखी, तर क्लॉकचा, म्हणजे मशीन ज्या ठोक्यावर आवाजाचे नमुने (सॅम्पल) घेतं त्याचा, प्रश्न आहे. कधीही, कशीही येत असेल तर कॉम्प्युटरचा.

क्लॉकचं आधी. मी एकदा एडॅटवरून ट्रॅक उतरवत होतो आणि सेकंदाला साधारण एक बारीक टिक येत होती, गाण्यात कळायची नाही पण शांत जागेत हेडफोनवर स्पष्ट. ऑप्टिकल केबल बदलली, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकलं, विंडोज पुन्हा टाकलं, दोन दिवस गेले. शेवटी कार्डच्या पॅनेलमध्ये बघतो तर क्लॉक इंटर्नलवर, आणि एडॅटही स्वतःच्या क्लॉकवर चालू. दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात, त्यांच्यात दहा लाखात २० एवढा जरी फरक असला तरी ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल इकडचा तिकडे होतो, आणि तो निसटलेला सॅम्पल म्हणजेच ती टिक. टेप वाजत असते तेव्हा मालक टेप मशीन, कार्डला तिच्या मागे चालायला सांगायचं, म्हणजे क्लॉक सोर्स एडॅट इन. लॉक लागल्यावर टिक तिथल्या तिथे थांबली. तीन-चार डिजिटल मशीन असतील तर एकच मास्टर ठेवून बाकीच्यांना ७५ ओहमच्या बीएनसी केबलने वर्डक्लॉक, म्हणजे मास्टरचाच ठोका, द्या.

आता दुसरा प्रकार. एखादा भलताच ड्रायव्हर प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरतो. बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) २५६ सॅम्पलचा असेल तर ४४.१ ला तुमच्याकडे ५.८ मिलिसेकंद असतात, ६४ चा असेल तर जेमतेम दीड, तेवढ्यात कुणी आडवं आलं की आवाज तुटतो. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम लावून दहा मिनिटं सोडून द्या, कोण अडवतंय ते नावासकट दिसतं. बहुतेक वेळा वायफाय, कधी नेटवर्क कार्ड, कधी ग्राफिक्स. बायोसमध्ये जाऊन बोर्डवरचा ऑडिओ आणि न लागणारे पोर्ट बंद करा, सी-स्टेट आणि स्पीडस्टेप (प्रोसेसरची वीज वाचवायच्या सोयी) बंद करा, वायफाय कार्ड असेल तर काढूनच ठेवा.

तरीही थांबलं नाही तर स्लॉट बदला. पीसीआयमध्ये इंटरप्टच्या लाइन वाटून घेतलेल्या असतात, एखादा स्लॉट यूएसबीबरोबर तर दुसरा ग्राफिक्सबरोबर असतो. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये याचा तक्ता असतो, ज्या स्लॉटचा शेजारी सगळ्यात कमी काम करतो तो ऑडिओला द्या. आणि मशीन २००१ च्या आसपासचं, व्हीआयएच्या ६८६बी साउथब्रिजचं असेल तर त्यावर वेळ घालवू नका, त्या चिपचे पीसीआयचे दोष तेव्हापासून प्रसिद्ध आहेत.

एडॅट ऑप्टिकल आणि एसपीडीआयएफ ऑप्टिकल एकच का?

केबल तीच, पोर्ट तेच, भाषा वेगळी. एडॅटमध्ये ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल जातात, एसपीडीआयएफमध्ये दोन. बऱ्याच कार्डांवर एकच पोर्ट दोन्ही कामं करतं आणि पॅनेलमध्ये निवडावं लागतं, नाहीतर लॉकच लागत नाही. ९६ ला एडॅटचे आठाचे चार चॅनल होतात. टॅस्कॅम डीए-८८ (दुसरं एक आठ ट्रॅकचं डिजिटल टेप मशीन) असेल तर त्याचं टीडीआयएफ वेगळंच आहे, २५ पिनचा कनेक्टर असतो, त्यासाठी कन्व्हर्टर किंवा टीडीआयएफवालं कार्ड लागतं. आणि साध्या २५ पिन केबलने काम भागेल असं समजू नका, टीडीआयएफचीच केबल घ्या.

जुन्या सॉफ्टवेअरचा डाँगल पॅरलल पोर्टचा आहे, यूएसबी अडॅप्टर लावू का?

नाही चालत. ते अडॅप्टर प्रिंटरपुरते असतात, डाँगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची पोर्टला लावायची किल्ली) पोर्टशी थेट बोलतो. बोर्डवर खरा पॅरलल पोर्ट हवा, क्यू७७ च्या काही बोर्डवर निदान पिना तरी असतात. हे पण मशीन ठरवायच्या आधी बघायचं. तसंच ज्या सॉफ्टवेअरला कंपनीच्या सर्व्हरवरून कोड मागावा लागायचा त्यांचा सर्व्हर अजून चालू आहे का ते तपासा, नसेल तर कार्ड चालूनही सॉफ्टवेअर उघडणार नाही. अशा वेळी साधं एसिओ (विंडोजवर ऑडिओ कार्डशी थेट बोलायची पद्धत) चालणारं दुसरं सॉफ्टवेअर वापरा.

लिनक्स?

हो, आणि याचा विचार लोक करत नाहीत याचं आश्चर्य वाटतं. एन्व्ही२४ चिपची कार्डं, म्हणजे एम-ऑडिओची डेल्टा १०१० आणि ऑडिओफाइल २४९६, आणि आरएमईची एचडीएसपी, यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या आतच आहेत, ६४ बिटमध्ये, आजही. फायरवायरचे बरेच इंटरफेस पण चालतात, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये फायरवायर २०२९ पर्यंत सांभाळायचं ठरलेलं आहे. तुमचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असेल तर उपयोग नाही, पण नुसत्या टेप उतरवायच्या असतील तर मी आधी लिनक्सच लावून बघतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी टाकलं तर?

जुनी सेशन फाइल उघडून बघायला ठीक. आतल्या एक्सपीला तुमचं पीसीआय कार्ड दिसत नाही, दाखवायची तजवीज केली तरी वेळेचा भरवसा नाही.

मॅकवर काय?

नियम तोच, आधी ड्रायव्हर. ओएस ९ लागत असेल तर पॉवर मॅक जी४, पण मागे फायरवायर ८०० चं पोर्ट असलेले जी४ ओएस ९ वर बूट होत नाहीत, हे लक्षात ठेवा. पीसीआय हवं असेल तर जी४, पीसीआय-एक्स साठी जी५, २००५ च्या शेवटच्या जी५ पासून पीसीआय एक्स्प्रेस.

वापरलेला बोर्ड घेताना काय बघायचं?

कपॅसिटर. प्रोसेसरच्या बाजूला उभे असलेले छोटे डबे, त्यांचं डोकं सपाट असलं पाहिजे. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या पुष्कळ बोर्डवर खराब कपॅसिटर लागले होते. मी घेतलेल्या एका बोर्डवर विकणाऱ्याने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं, वीस मिनिटं रेकॉर्डिंग छान व्हायचं आणि मशीन गरम झालं की जागच्या जागी गोठायचं. टॉर्च मारून बघितलं तर दोन डब्यांचं डोकं फुगून वर आलेलं आणि फुलीच्या चिरेतून तपकिरी खपली बाहेर आलेली. ते दोन बदलल्यावर तोच बोर्ड आजतागायत चालू आहे.

कार्डच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर घेऊन पुसा, फार काळ्या पडल्या असतील तर आधी मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा भुगा झटकून टाका. सीआर२०३२ चा सेल नवीन घाला, नाहीतर साटा मोड एक दिवस आपोआप बदलेल आणि एक्सपी पुन्हा निळी स्क्रीन दाखवेल. पॉवर सप्लाय मात्र नवीन घ्या, जुना वापरू नका. आयएसए (पीसीआयच्याही आधीच्या स्लॉटचं) कार्ड असेल तर त्याला -५ व्होल्ट लागतं का ते बघा, नवीन सप्लायमध्ये ते मिळत नाही.

या मशीनला इंटरनेट जोडू का?

नको. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला. फाइल यूएसबी डिस्कवरून न्या-आणा. जोडलं नाही की अँटिव्हायरस लागत नाही, आपोआप काही डाउनलोड होत नाही, लेटन्सी (आवाजाला लागणारा उशीर) पण सुधारते.

सगळं चालू झालं, आता?

त्याच दिवशी, काहीही नवीन टाकायच्या आधी, आख्ख्या सिस्टिम डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा. ड्रायव्हरची फाइल, सॉफ्टवेअरची सीडी, सिरियल नंबर, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, हे सगळं एका फोल्डरमध्ये घालून दोन ठिकाणी ठेवा. कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये चाललं तो नंबर कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. तसाच बोर्ड अजून एक मिळाला तर घेऊन ठेवा.